तांबड्या चिंधीचा रंग

कपडे माणसांशी बोलायचे तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर आपल्या अंगातल्या सदऱ्याला विचारा. सगुणाबाई लेकीच्या बाळासाठी गोधडी शिवत होती. कोरं कापड आधी धुऊन घ्यायचं असतं, पण बाईला घाई. जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्याशेजारी तिने कोरी तांबडी चिंधी तशीच जोडली.

चिंधी म्हणाली, "आजोबा, जरा सरकून बसा. तुमच्यात रंगच उरला नाही. लोकांना वाटेल, गोधडीला भोक पडलंय."

तुकडा नुसता हसला. टाके पडल्यावर सरकणार कुठे?

पहिल्याच धुण्यात चिंधीचा रंग सुटला आणि तुकडाभर उतरला. गोधडी वाळत घालताना सगुणाबाई म्हणाली, "हा पांढरा डागाळला. उसवून टाकते." तिने कात्री आणली.

आधी चिंधीने अंग चोरून घेतलं. पण कात्री पहिल्या टाक्याला लागली तेव्हा तिला राहवेना. "बाई, डाग माझा आहे. उसवायचं तर मला उसव."

"कुणालाच नको," तुकडा म्हणाला. "उभ्या जन्मात मला कुणी रंग लावला नव्हता. पोरीने हौस पुरवली."

सगुणाबाईने कात्री ठेवली. चिंधीला मात्र वाटत राहिलं, आजोबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.