खंबीरराजांची गाडी आणि जंबूरावांची सीट

"काढा तो डबा! आजच्या आज, इथंच, वाड्याच्या अंगणात!" चढणगावचे खंबीरराजे गरजले.

डबा म्हणजे त्यांच्या लहानशा डिझेल गाडीच्या पोटाखालचा कॅटलिटिक कन्व्हर्टर. गाडीचा ड्रायव्हर गेनबा हात जोडून उभा राहिला. 

राजांचा राग तसा वाजवी होता. वाड्याच्या दारातूनच खंडोबाच्या टेकडीचा चढ लागायचा. रोज संध्याकाळी राजे दर्शनाला निघायचे. काल भर चढावर गाडी धापा टाकू लागली आणि भोपळ्यांनी भरलेली एक बैलगाडी शेजारून सरळ पुढं निघून गेली. वर गाडीवानानं अदबीनं विचारलं, "सरकार, दोर टाकू का?"

ते ऐकून राजांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

डब्याचा शोध लावला तो जंबूरावांनी. हे राणीसाहेबांचे सख्खे भाऊ. अख्खा वाडा त्यांना मामासाहेब म्हणायचा. "दाजी, त्या डब्यानं गाडीचा दम कोंडतो. उपटून फेका, गाडी वाऱ्यासारखी पळेल!" जंबूरावांनी आयुष्यात कधी साधा पाना हातात धरला नव्हता, पण अशा माणसांचा आवाज नेहमीच खणखणीत असतो.

"मात्र ध्यानात ठेव, गेनबा," राजे म्हणाले, "आम्ही गाडीत बसूनच राहणार. आमच्या आसनाखाली कुणी शिरायचं नाही, तो आमचा अपमान! गाडी उचलायची नाही, गाडीवरचं निशाण कलेल! दिवस मावळायच्या आत डबा निघून गाडी टेकडीवर पोचली पाहिजे. नाहीतर बायकापोरांसकट संस्थान सोडायचं!"

गेनबा घरी येऊन ओट्यावर मटकन बसला. त्याची लेक धुरपा वाड्याच्या मुदपाकखान्यात चुली सांभाळायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, तो डबा धूर गाळतो. तो काढला तर देवाला काळ्या धुराचा नैवेद्य! आणि खाली शिरायचं नाही, गाडी उचलायची नाही, मग काढू कसा? फुंकर मारून?"

"बाबा, त्या गाडीत बसतं कोण कोण?"

"पुढं सरकार. मागं मामासाहेब."

"आणि मामासाहेबांबरोबर?"

गेनबानं कपाळावर हात मारला. जंबूराव एकटे कधीच नसत. वाटेत अंघोळीची लहर आली तर म्हणून तांब्याचा बंब, पाण्यानं काठोकाठ भरलेला! चटणी घरच्याच दगडावर वाटलेली लागते म्हणून पाटा-वरवंटा! मामासाहेब जिथं जातील तिथं हा संसार त्यांच्या मागोमाग. आणि त्यांना 'उतरा' म्हणायची सोय नव्हती. राजांच्या लग्नात कान पिळायला उभे राहिले, तेव्हा कानपिळीचा मान म्हणून पठ्ठ्यानं गाडीची मागची सीटच मागून घेतली होती. राजांचा कान दुखत होता, ते हो म्हणून गेले. भर मांडवात दिलेला शब्द, मोडणार कसा?

धुरपा गालात हसली. "चला बाबा. तुम्ही नुसते स्टिअरिंगवर बसा. मी बघते."

अंगणात गाडी उभी होती. पुढं राजे, मागं जंबूराव, त्यांच्या मांडीवर वरवंटा.

"सरकार, डबा काढायला मी आलेय," धुरपा म्हणाली. "पण भलताच भाग निघाला तर माझी मान जाईल. डबा ज्यांनी ओळखला, त्यांनी एकदा बोट दाखवावं."

"त्यात काय! तो खाली... गोलसर..." जंबूराव बसल्या जागेवरून म्हणाले.

"मामासाहेब, संस्थानात हे ज्ञान फक्त तुम्हाला. का तुम्हालाही ठाऊक नाही?"

"मला? मला ठाऊक नाही?" जंबूराव ताडकन खाली उतरले. ते उतरले म्हणून बंब उतरला, पाटा उतरला, वरवंटा उतरला. मामासाहेबांनी गुडघे टेकून गाडीखाली डोकावलं आणि ऐटीत बोट रोखलं. "हा काय!"

"बाबा, निघा!"

गेनबानं गाडी सोडली. आणि काय सांगावं! इतक्या दिवसांची दबलेली गाडी खंडोबाचा चढ असा चढली की निशाण फडफडायला लागलं. वाटेत कालचीच भोपळ्यांची बैलगाडी लागली. राजांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि जिवाच्या आनंदानं ओरडले, "अहो, दोर टाकू का?"

खाली अंगणात जंबूराव अजून मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवत होते.

राजे परतले ते मिशांना पीळ देतच. "शाब्बास पोरी! दाखव तो डबा!"

"डबा जागेवरच आहे, सरकार. गाडीचा दम कोंडत होता तो हा बघा, इथं उभा आहे. बंबाशेजारी."

 गेनबानं डोळे मिटून घेतले.

"आम्ही डबा काढायला सांगितला होता!" राजांचे डोळे लाल झाले.

"सरकारांना डबा हवा होता, का टेकडी?"

राजांनी वळून टेकडीकडे पाहिलं. तेवढ्यात जंबूराव उसळले, "दाजी, सीट माझी आहे! कानपिळीची! उद्या मी बसणार म्हणजे बसणारच! ताईला सांगेन!"

राणीसाहेबांचं नाव निघताच राजे नरमले. हळूच धुरपाकडे वळून म्हणाले, "आता गं? शब्द तर दिलाय."

"मग पाळा ना, सरकार! मामासाहेबांची सीट त्यांना देऊन टाका."

"दिलीच आहे की!"

"दिली कुठं? ती तर अजून तुमच्याच गाडीत आहे!"

 राजे असे हसले की पगडी ओघळून बंबात पडली! "गेनबा, पाना आण! आमच्या मेव्हण्यांची सीट काढ आणि त्यांच्या ओसरीवर नेऊन पोचव! आणि या गाडीच्या किल्ल्या आजपासून कायमच्या तुझ्या कमरेला!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी धुरपाच्या हातात घातलं आणि पगडी पिळत पिळत पुन्हा हसू लागले. थोड्याच वेळात समोरच्या ओसरीवर जंबूराव आपल्या सीटवर बसले होते, शेजारी बंब, मांडीवर वरवंटा, आणि गेनबाला ओरडून विचारत होते, "अरे, पण हिचा हॉर्न कुठाय?"