घाटातला दुसरा माणूस

एकदा एका कापडव्यापाऱ्याला दिवेलागणीच्या सुमारास घाटात दोघांनी लुटले. ती लूट मी पाहिलेली नाही; ज्यांच्याकडून ही कथा माझ्यापर्यंत आली त्यांनीही नाही. हे आधीच सांगणे बरे, कारण कोणी काय पाहिले याची सर्वांनी चौकशी केली, ते केव्हा पाहिले याची कोणीच केली नाही, आणि सारा अनर्थ तिथून झाला.

त्या नगरात एक रीत होती. संशयित सापडला की चौकशीच्या आधीच बाजारपेठेतून त्याची धिंड काढायची, म्हणजे ज्याची तक्रार असेल तो पुढे येईल. घाटाखालच्या वस्तीत टोपल्या विणणारा सटवा असाच धरला गेला आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या दुकानावरून हिंडवला गेला. पुढे काही दिवसांनी कोतवालाने त्याला इतरांसोबत रांगेत उभे केले, तेव्हा व्यापाऱ्याने क्षणात बोट दाखवले. दुसरा दरोडेखोर सापडला नव्हता. सटव्याची हद्दपारी ठरली. नगराचे न्यायकार्य पाहणाऱ्या वृद्ध आचार्यांची संमती तेवढी बाकी होती. सटव्याची बायको तान्हे मूल घेऊन आचार्यांच्या पाठशाळेच्या पायरीवर बसून होती.

आचार्य संमती देईनात. त्यांच्या शिष्याला हा विलंब अन्यायाचा वाटला.

"गुरुजी, बोट दाखवताना शेटजींचा हात थरथरत होता. असा माणूस खोटं बोलेल?"

"खोटं बोलतायत असं मी कुठे म्हटलं?" आचार्य म्हणाले.

त्यांनी व्यापाऱ्याला दुसऱ्या माणसाचा शोध घेण्यासाठी पाठशाळेत बोलावून घेतले आणि ओसरीवर बराच वेळ बसवून ठेवले. शिष्याला विचित्र आज्ञा झाली: डोक्याला मुंडासे बांधायचे, सरपण घेऊन अंगणातून जायचे, थोड्या वेळाने झाडलोट करीत परत यायचे; व्यापाऱ्याशी बोलायचे नाही. दुसऱ्या दिवशी तो काही अनोळखी माणसांबरोबर रांगेत उभा राहिला. आचार्यांनी व्यापाऱ्याला एवढेच सांगितले की दुसरा माणूस यांत असेल तर दाखवा, नसेल तर नाही म्हणा.

व्यापारी शिष्यासमोर थांबला. त्याचा हात पुन्हा थरथरू लागला.

"हाच. यानंच माझ्या छातीवर काठी रोखली होती."

लुटीच्या संध्याकाळी शिष्य आचार्यांपुढे पाठ म्हणत बसला होता, हे साऱ्या पाठशाळेला ठाऊक होते. रांग पाहायला आलेला कोतवाल हसून म्हणाला, की शेटजींची नजर आज जरा चळली, एवढेच. त्या हसण्याने आचार्य संतापले.

"नजर नाही चळली. चेहरा ओळखीचा वाटणं वेगळं आणि तो कुठे पाहिला हे आठवणं वेगळं. पहिलं तात्काळ होतं. दुसरं मागून येतं, कधी येतच नाही. मग मन ती जागा आपल्या सर्वांत मोठ्या भयानं भरून काढतं. शेटजींना काल अंगणात पाहिलेला चेहरा ओळखू आला, आणि आठवला मात्र घाट. यात त्यांचा दोष नाही. दोष तुमचा आहे, कोतवाल. आधी चेहरा तुम्हीच दाखवायचा आणि मग ओळखता का म्हणून तुम्हीच विचारायचं, याला तुम्ही साक्ष म्हणता?"

मेंदूच्या आजच्या अभ्यासकांपैकी अनेकांच्या मते ओळखीची जाणीव आणि प्रसंगाचे स्मरण या मेंदूतल्या दोन निराळ्या प्रक्रिया आहेत. काहींच्या मते हे एकाच स्मृतीचे कमी-अधिक बळ. तो वाद मिटेल तेव्हा मिटो. साक्षीदाराची खात्री म्हणजे पुरावा नव्हे, हे कळायला तो मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

सटवा सुटला. व्यापारी सज्जन होता; आपली चूक झाली असावी असे त्याने मान्य केले. तरीही सटवा दुकानावरून गेला की त्याची छाती धडधडे.

सटवा सुटला त्या दिवशी शिष्याने आचार्यांना विचारले, की सटव्याच्या आधीही या रीतीने माणसे हद्दपार झाली, त्यांचे काय?

ती माणसे कोणत्या मुलुखात गेली, आणि त्यांतली किती निर्दोष होती, हे त्या नगरात कोणालाच, आचार्यांनाही, सांगता येत नव्हते.