सुट्या भागांचा फोन

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. त्याच्याकडे दोन म्हशी होत्या, एक आई होती आणि बायको नव्हती. म्हशी दूध देत. आई सल्ला देई. केरबा दोन्ही घेई आणि दोन्ही भलतीकडेच ओतून येई.

वय चौतिशीला आलं होतं. अकरा ठिकाणांहून नकार आला होता. केरबात तसं वाईट काही नव्हतं. त्याला जे सांगावं ते तो करायचा, एवढीच अडचण होती. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी त्याला "लाजू नका, आपलंच घर समजा" असं म्हटलं. केरबा उठला, त्यांच्या म्हशीची धार काढली आणि दूध डेअरीत स्वतःच्या नावावर घालून आला.

मग एका मध्यस्थाने वेणूचं स्थळ आणलं. वेणूला वडील नव्हते, तिचं सगळं मामा बघत. केरबाची आई गावातली दोन जाणती माणसं घेऊन गेली आणि मुलगी बघून आली. केरबाला मुद्दाम नेलं नाही. मुलगी पसंत पडली. मामा घाईतला माणूस. ते म्हणाले, आपल्याला यायला सवड नाही, मुलाला फोनवर बघू, वेणूही बघेल, चार शब्द बोलणं होईल. पसंत पडला तर साखरपुडा आणि लग्न एकाच मांडवात उरकू.

आईने देवापुढे साखर ठेवली आणि केरबाला तालुक्याला पिटाळलं.

"ज्यात चेहरा दिसतो असला फोन आण," तिने सांगितलं.

तालुक्याच्या दुकानात एक फोन बरेच दिवस पडून होता. तो सुट्या भागांचा होता. कॅमेरा वेगळा, बॅटरी वेगळी, स्पीकर वेगळा, आणि हे सगळं ज्यात सरकवून बसवायचं तो सांगाडा वेगळा. शहाणी गिऱ्हाइकं त्याला हात लावून पुढे जात. केरबाने तो हातात घेतला. फोन बंद होता, तरी काळ्या काचेत त्याला आपला चेहरा स्वच्छ दिसला. त्याने लगेच तो घेतला.

दुकानदाराने त्याला नीट समजावून सांगितलं. जो भाग वापरात नाही तो काढून ठेवायचा, म्हणजे बॅटरी टिकते. "पण निघालेला भाग टाकायचा नाही हं, पाव्हणं. स्वच्छ फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचा. ओल लागता कामा नये. पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही."

केरबाने हे सगळं पाठ केलं. घरी येऊन त्याने विचार केला, की मामा आपल्याला बघणार आहेत. बघायला कॅमेरा लागतो. स्पीकर कशाला? त्याने स्पीकर काढला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर शेवयांच्या डब्याशेजारी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी काच उजळली आणि तिच्यात मामा आले. मामांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. केरबाला वाटलं, मोठ्या घरची माणसं आहेत, त्यांची अशीच रीत असेल. त्यानेही काच अगदी तोंडाशी धरली, मामांना चेहरा न दिसता नुसते ओठ दिसतील इतकी, आणि आवाज न करता ओठ हलवले. मामांनी हात हलवला, यानेही हलवला. बराच वेळ असं झालं. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, की मुलगा मुका आहे हे आधी का सांगितलं नाही?

आईने कपाळाला हात लावला. "लागणारी वस्तू कुणी काढून ठेवतं का रे? जी लागते ती आपल्या जागी घट्ट बसवावी. हलता कामा नये."

"बरं, आई," केरबा म्हणाला.

सकाळी दूध डेअरीत न्यायचं होतं. किटलीला झाकण लागतं. केरबाने झाकण जागेवर ठेवलं आणि वरवंटा घेऊन चारी बाजूंनी ठोकून ठोकून बसवलं. डेअरीत रंगराव नावाचा कारकून होता, केरबाच्या भावकीतलाच, बिनलग्नाचा आणि बोलायला गोड. त्याने ओढलं, पकडीने पिळलं, गुडघ्यात धरून हिसडलं. झाकण हललं नाही. दूध उन्हात नासलं.

"यात दूध आहे हे मी कशावरून मानू, केरबा?" रंगरावने विचारलं.

"मी सांगतोय की," केरबा म्हणाला.

आईने भरलेली किटली परत आलेली पाहिली आणि ती उंबऱ्यातच बसली. मग दम खाऊन म्हणाली, "दुसऱ्यापुढं वस्तू नेली की ती उघडून दाखवावी, बाबा. आत काय आहे ते त्याला दिसलं पाहिजे."

"बरं, आई."

मध्यस्थाने मामांची समजूत घातली होती. दुसरा फोन आला तेव्हा केरबा अंधाऱ्या गोठ्यात होता. स्पीकर जागेवर होता आणि आवाज खणखणीत येत होता. मामा म्हणाले, "हं, तोंड दिसत नाही, पण आता ऐकू येतंय. बोला, काय विशेष?" त्यांच्या मागे पदर सावरत वेणू उभी होती.

केरबाला आईचं बोलणं आठवलं. "थांबा मामा, उघडूनच दाखवतो," असं म्हणून त्याने फोनची पाठ काढली. मग एकेक भाग ओढून काचेपुढे धरला. "ही बॅटरी," तो म्हणाला, आणि मामा विझले. तरी केरबा थांबला नाही. त्याने कॅमेराही दाखवला आणि स्पीकरही दाखवला. स्पीकर हातातून निसटून म्हशीपुढच्या आंबोणात पडला. म्हशीने तो आंबोणाबरोबर खाल्ला आणि शांतपणे रवंथ करू लागली.

केरबा पुन्हा तालुक्याला गेला. दुकानदाराने नवा स्पीकर काढला, पण तो जुन्या सांगाड्यात बसेना. कंपनीने माप बदललं होतं. म्हणून सांगाडा बदलला. नव्या सांगाड्यात जुनी बॅटरी बसेना, म्हणून बॅटरी बदलली. नवी बॅटरी जुन्या कॅमेऱ्याला चालेना, म्हणून कॅमेरा बदलला. शेवटी काच बदलली. केरबाच्या एका खिशात फोन आला आणि दुसऱ्या खिशात आधीचा फोन आला, सुटा.

"म्हणजे हा नवाच झाला की," केरबा म्हणाला.

"छे छे, फोन तोच," दुकानदार म्हणाला. "बिघडलेला भाग तेवढा बदलायचा. एका भागासाठी सगळा फोन टाकायचा नसतो. हाच तर याचा फायदा आहे."

मला ते नीटसं कळलेलं नाही, पण केरबाला पूर्ण पटलं. जुने भाग त्याने एकेक करून फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर नेऊन ठेवले.

मामांनी शेवटची संधी दिली. गुरुवारी फोन करतो, जमलं तर जमलं, नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे, असा निरोप आला. आईने फोन हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"आता हा नीट आहे ना?"

"सगळे भाग नवे आहेत, आई."

"मग फोनचं काही भ्या नाही. तू तोंड उघडलंस की बिघडतं. माझ्या डोळ्यादेखत हे एक लग्न होऊ दे रे, मग मी काही मागणार नाही." एवढं बोलून ती डोळे पुसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

केरबाने दिवसभर विचार केला. आईला रडताना त्याने फारसं पाहिलं नव्हतं. बिघडलेला भाग कुठला ते आता उघड झालं होतं. गुरुवारी आई शेतावर गेल्यावर तो रंगरावला घरी घेऊन आला.

"माझ्या जागी तू बस आणि बोल," त्याने सांगितलं.

"आणि नाव कुणाचं सांगू?"

"नाव माझंच सांग. नावात काही बिघाड नाही."

रंगरावला केरबाच्या आईची दया आली आणि तो बसला. मामांशी तो पावसापाण्याचं बोलला. मग वेणू फोनवर आली. तिने विचारलं, म्हशी किती. रंगरावने सांगितलं, दोन, पैकी एक स्पीकर खाणारी. वेणू हसली. पुढे दोघं काय बोलले ते केरबाला माहीत नाही, कारण तो धारा काढायला गेला होता. धारा काढून झाल्या, गोठा झाडून झाला, तरी ते बोलतच होते.

होकार आला. आईने पेढे वाटले. सगळ्यात मोठा पेढा तिने केरबाच्या तोंडात घातला.

पंधरा दिवसांत लग्न निघालं. वऱ्हाड मुलीच्या गावी पोचलं. केरबा मुंडावळ्या बांधून मांडवात उतरला आणि मामा आडवे आले.

"हे कोण?"

"नवरदेव," आई म्हणाली.

"मग मी फोनवर बघितला तो कोण?"

तो तेव्हा वाढप्यांना पत्रावळी मोजून देत होता. त्याला धरून आणलं. मांडवात एकच गलका झाला. भटजी हातात पंचांग धरून कोपऱ्यात सरकले. मामा कपाळावरचा घाम पुसत खाली बसले.

मामा थकून म्हणाले, "मांडव चांगला झालाय, जेवण तयार आहे, मुहूर्त जवळ आलाय. आमची कशाबद्दल तक्रार नाही. फक्त हा नवरदेव आम्हाला नको."

सगळ्या मांडवात एकट्या केरबाचा चेहरा उजळला.

"एवढंच ना, मामा? मग लग्न कशाला मोडता?" त्याने मुंडावळ्या सोडल्या आणि रंगरावच्या कपाळाला घट्ट बांधल्या. हलवून बघितल्या. हलत नव्हत्या.

वेणूला विचारलं. ती म्हणाली, "मी ज्यांच्याशी बोलले ते हेच. यांचं नाव मला पहिल्यापासून आवडलं नव्हतं, ते बदललं तर बरंच झालं." रंगराव जमिनीकडे बघत राहिला, पण मुंडावळ्यांना त्याने हात लावला नाही.

लग्न लागलं. अक्षता टाकताना सगळ्यात मोठा आवाज केरबाचा होता. पंगतीत त्याने आग्रह करकरून जिलेबी वाढली.

घरी आल्यावर आई भिंतीला टेकून बसली. "सून गेली रे माझी," ती म्हणाली.

"गेली कुठं? चार घरं पलीकडं तर आहे," केरबा म्हणाला. "लग्न तेच आहे, आई. बिघडलेला भाग तेवढा बदलला."

संध्याकाळी म्हशी धारेसाठी ओरडू लागल्या आणि केरबाचा कुठे पत्ता लागेना. गोठा पाहिला, डेअरी पाहिली, रंगरावचं घरही पाहिलं. शेवटी आई शिडी लावून वर चढली आणि माळ्यावर डोकावली. शेवयांच्या डब्याशेजारी फडक्यातली गाठोडी ओळीने ठेवलेली होती. त्या ओळीच्या शेवटी एक मोठं गाठोडं होतं. ते धुतलेल्या चादरीचं होतं आणि त्यातून केरबाचं नाक तेवढं बाहेर होतं.

"इथं काय करतोयस, लेकरा?"

"निघालेला भाग टाकायचा नसतो, आई. स्वच्छ फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचा. पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही."

आईला हुंदका आवरेना. तिने शिडीवरूनच चादर जरा सारून त्याच्या गालाला गाल लावला.

केरबाने चादरीतच तोंड बाजूला घेतलं. "रडू नको, आई," तो म्हणाला. "ओल लागता कामा नये."