तीन स्टोव्ह आणि गच्चीवरचा चहा

नाशकात अप्पा खांबेटे नावाचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहत. चाळीस वर्षे त्यांनी लोकांना हिमालयात पायी हिंडवले. पंचाहत्तरीला गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा सहा जणांच्या पुढच्या तुकडीचे नेतृत्व त्यांनी आपला जुना विद्यार्थी विश्राम टिळेकर याच्याकडे द्यायचे ठरवले. विश्राम विमा कंपनीत अधिकारी होता आणि विलक्षण पद्धतशीर होता. अप्पांनी त्याला आधी एकच काम दिले : बरोबर न्यायचा स्टोव्ह आणि त्याचे इंधन निवड.

विश्रामने त्यावर दोन महिने अभ्यास केला. एका रविवारी सकाळी तो तीन स्टोव्ह आणि एकोणीस रकान्यांचा तक्ता घेऊन हजर झाला. एक गॅसचा, तळहातावर मावणारा, पिसासारखा हलका. दुसरा स्पिरिटचा, तिसरा रॉकेलचा. तक्त्यात एकूण वीस स्टोव्ह तपासले होते आणि त्यांत हा गॅसचा पहिला आला होता. अप्पांनी तक्ता आदराने वाचला, अक्षराचे कौतुकही केले आणि त्याला गच्चीवर नेले.

तिथे त्यांनी बादलीभर पाण्यात घरातला सगळा बर्फ ओतला आणि विश्रामला पाच मिनिटे कोपरापर्यंत हात बुडवायला लावले. मग त्याचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवला, टेबलफॅन पूर्ण वेगात त्याच्यावर सोडला आणि शांतपणे म्हणाले, "आता चहा कर."

कपडे वाळत घालायला आलेल्या अप्पांच्या पत्नी वत्सलाकाकूंनी, याला ताप आलाय का, एवढेच विचारले.

गॅसच्या स्टोव्हचे इवलेसे आटे बधिर बोटांना काही केल्या बसेनात. बसले तेव्हा पातेले ठेवताच तो नाजूक स्टोव्ह पातेल्यासकट आडवा झाला. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसेना. पेटलाय की नाही हे पाहायला विश्राम वाकला आणि डावी मिशी अर्धी गमावून बसला. रॉकेलच्या स्टोव्हने मात्र भरपूर धूर दिला. काकूंनी ओल्या चादरी उचलल्या आणि त्या खाली निघून गेल्या. तासाभराने पातेल्यातले पाणी जेमतेम कोमट झाले होते.

अप्पांनी पंखा बंद केला, चष्मा परत दिला. "विश्राम, तू स्टोव्ह निवडलास तो खुर्चीत बसून, पोटभर जेवून. तिथे तो पेटवणारा विश्राम भिजलेला असेल, दमलेला असेल, बरोबरच्यांवर चिडलेलाही असेल. त्याला काय जमेल, हे तू विचारलंच नाहीस. आणि आगगाडीत इंधन नेऊ देत नाहीत. चढाईआधीच्या शेवटच्या गावात काय मिळतं, ते दुकानदाराला विचारलंस?"

विश्रामने विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने तिथल्या दुकानदाराला फोन लावला. गॅसचे डबे मिळतात, पण अमुकच तोंडाचे, असे कळले. त्यांना बसणारा, रुंद पायांचा, मोठ्या चावीचा, चांगलाच जड स्टोव्ह त्याने घेतला. तक्त्यात तो अकरावा होता. मग पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी बाल्कनीत गार पाण्यात हात बुडवून, डोळे मिटून चहा करत होता. शेजाऱ्यांनी त्याच्या बायकोकडे हळूच चौकशी केली.

हिमालयात चौथ्या मुक्कामी गारपीट झाली. तुकडीतल्या बर्वेबाईंना हुडहुडी भरली. ओठ निळे पडले, शब्द अडखळू लागले. कोणी त्यांचे ओले कपडे बदलले, कोणी त्यांना स्लीपिंग बॅगेत गुंडाळले. तंबूच्या उघड्या तोंडाशी विश्रामने दगडांच्या आडोशाला स्टोव्ह मांडला. त्याची बोटे लाकडासारखी झाली होती. पहिल्या दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. थोड्या वेळाने बाईंच्या हातात गरम, गोड चहा होता. अर्धा पेला झाल्यावर त्यांनी तक्रार केली, की यात आलं घातलं नाही. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी चहाबद्दल पुष्कळ बोलणे झाले. स्टोव्हबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. विश्रामच्या ते लक्षात आले, आणि आपली निवड बरोबर ठरली हे त्याला कळले.