आबोली आणि दुखऱ्या पंखाची परी

एका मोठ्या शहरात एक मोठं हॉस्पिटल होतं आणि त्याच्या शेजारी होती एक धर्मशाळा. धर्मशाळेच्या शेवटच्या खोलीत नऊ वर्षांची आबोली तिच्या आईबरोबर राहायची. दुसऱ्या खाटेवर हलीमाचाची असायच्या. त्यांना बारा वर्षांपासून संधिवात होता.

आबोलीच्या आईला कॅन्सर झाला होता. औषधांनी तिचे लांबसडक केस गळून गेले, तेव्हा ती हसून म्हणाली होती, “चला, कंगव्याला सुट्टी!” पण हल्ली ती हसायची कमी आणि जेवायची त्याहून कमी. परवाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “सुनंदाताई, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही हं.” तेव्हापासून आबोली आईचा एकेक घास मोजायची. बाबा दूर कोकणात दुसऱ्याच्या होडीवर राबत होते. आईचं सगळं आबोलीच करायची. पाणी गरम करायची, रुमाल धुवायची, “पाय चेपू, की नुसती बसू?” असं हळूच विचारायची.

एका दुपारी आईचा डोळा लागला, म्हणून आबोली मागच्या बागेत आली. बागेत पिवळीधमक कर्दळ, पांढरीशुभ्र तगर आणि गुलबक्षीचं दाट हिरवंगार झुडूप होतं. त्या झुडपातून बारीकसं कण्हणं ऐकू आलं.

आबोलीनं पानं बाजूला केली. आत अंगठ्याएवढी इवलीशी परी! मोरपंखी झगा, सोनसळी केस, उजवा पंख लखलखता आणि डावा पंख दुमडलेला.

“उचलू का तुला?” आबोलीनं विचारलं. “की दुखेल?”

परीचे टिकलीएवढे डोळे मोठे झाले. “सगळे आधी उचलतात आणि मग विचारतात, दुखलं का! नको उचलूस गं. थोडं पाणी दे.”

आबोलीनं तगरीच्या पाकळीतून तिला थेंब थेंब पाणी पाजलं. ऊन लागू नये म्हणून कर्दळीचं पान धरलं.

परीला जरा हुशारी आली. “मी झुळूकपरी,” ती म्हणाली. “हा पंख जन्मापासून दुखतो माझा. काही दिवस आभाळभर हिंडते, काही दिवस अशी पडून असते.”

“जादूनं बरा नाही होत?”

“नाही गं. आजार पळवून लावणं माझ्या जादूला जमत नाही. पण तुला तीन इच्छा देते. ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं आणि तो सांगेल तेच मागायचं. सूर्य मावळायच्या आत मागायचं. आणि मिळालेलंही सूर्य मावळेपर्यंतच टिकेल; कायमचं हवं असेल, तर त्यासाठी आणखी एक इच्छा खर्चावी लागेल.”

आबोली धूम पळत खोलीत आली. काय मागायचं ते तिनं मनात पक्कं केलं होतं.

“आई, तुला लांब केस हवेत ना?”

“केस होय? येतील ते सावकाश,” आई म्हणाली. “मला जेवणाची चव हवी गं. काहीही खाल्लं तरी गंजका खिळा चघळल्यासारखं लागतं. सगळे म्हणतात, खा, खा. का खात नाहीस, ते कुणी विचारलंच नाही.”

आबोली गोरीमोरी झाली. तिनं तरी कुठे विचारलं होतं!

“आणि चाची, तुम्हाला काय हवं?”

“मला?” हलीमाचाचींनी सुजलेली बोटं पुढे केली. “ही जरा मऊ होऊ देत, बेटा. तुझी वेणी घालीन म्हणते. किती दिवस झिपरी फिरतेस!”

आबोलीनं डोळे मिटून दोन्ही इच्छा मागितल्या. खिडकीतून रुपेरी चमचम आत शिरली. आईनं ताटलीतला गार आमटीभात चाखला आणि थांबलीच. “अगं, आमसूल घातलंय की!” म्हणत तिनं ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. चाचींची बोटं अशी सरसर चालली की दोन घट्ट वेण्या झाल्यासुद्धा.

आबोली ताटली घासायला बागेतल्या नळावर गेली. सूर्य भिंतीच्या वर जेमतेम वीतभर उरला होता. ‘आता आत जाऊन आईला विचारायचं आणि ती चव कायमची मागायची,’ असं ठरवून ती वळली, तोच पुन्हा कण्हणं ऐकू आलं. झुळूकपरी वेदनेनं पांढरीफटक पडली होती.

“काय हवंय तुला?” आबोलीनं विचारलं.

“थोडी बसतेस? दुखतं तेव्हा एकटीला फार भीती वाटते.”

आबोलीनं सूर्याकडे पाहिलं, खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग ती मातीत मांडी घालून बसली. परी तिच्या करंगळीला बिलगली. सूर्य बुडाला. तिसरी इच्छा गेली. आबोलीच्या गालांवरून टपटप आसवं गळली, पण ती जागची हलली नाही.

गुलबक्षीची फुलं उमलू लागली, तशी परीची कळ ओसरली. ती हळूच उभी राहिली.

“हजार वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, काय हवंय म्हणून,” ती म्हणाली. “आता ही माझी इच्छा आणि हिला नियम नाहीत. आईची चव जाणार नाही. चाचींची बोटं रोज घटकाभर मऊ राहतील. औषधं मात्र चालू ठेवायची हं!”

तिनं दोन्ही पंख पसरले. बागभर गुलाबी, केशरी, सोनेरी उजेड भरला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

आबोली धावत आत आली. आईच्या हातात धर्मशाळेच्या खिचडीची वाटी होती. तिनं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“काय झालं, आई?”

“मीठ किती घातलंय मेल्यांनी! दही आहे का बघ.”

आबोली खोलीभर नाचली. चाचीही खदखदून हसल्या.

पुढच्या आठवड्यात वजनकाटा दीड किलोनं पुढे सरकला आणि डॉक्टरीणबाईंनी पुढचं औषध सुरू केलं. जशी आबोलीच्या आईला खिचडी खारट लागली, तशी घरोघरच्या आजारी बायांनाही लागो!