न घातलेला बांध

सह्याद्रीच्या पायथ्याशी साठ उंबऱ्यांचे एक गाव होते. त्या गावात भिकाजी नावाचा पाटकरी राहत असे. पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्याचा राखणदार. कोणाच्या पोफळींना कोणत्या दिवशी पाणी द्यायचे, हे तो ठरवी आणि त्याचा शब्द कोणी मोडीत नसे. या मानाचा त्याला फार अभिमान होता.

गावाचे सारे जीवन ओढ्यावरच्या एका बांधावर अवलंबून होते. पावसाळ्यात तो वाहून जाई; म्हणून दरवर्षी कार्तिकात, ओढा भरात असतानाच, घरटी एक माणूस येई, भिकाजी पहिला दगड ठेवी आणि दोन दिवसांत दगडमातीचा नवा बांध उभा राही. अडलेले पाणी पाटाच्या तोंडापर्यंत चढे आणि थेट ज्येष्ठापर्यंत पोफळींना पुरे. कार्तिक चुकला, की ओढा आटू लागे. मग कितीही उंच बांध घातला, तरी पाणी पाटापर्यंत चढत नसे. हे गावात कोणाला शिकवावे लागत नव्हते.

एका वर्षी नवरात्रात तेथे एक महाराज आले. देवळामागे त्यांनी मठ थाटला, पंचांग मांडीवर घेतले आणि सांगितले, "पौषातल्या अमावास्येला सूर्य मावळेल, तो पुन्हा उगवायचा नाही. डोंगर खाली येईल, समुद्र वर येईल. उरलेले दिवस नामस्मरणात घालवा. ज्याला उद्याची काळजी, त्याचा देवावर भरवसा नाही."

शेवटचे वाक्य लोकांच्या मनात खोल रुतले. एकाने गळके छप्पर तसेच ठेवले. दुसऱ्याने शेजाऱ्याची कुदळ परत केली नाही. प्रलयात ती दोघांच्याही उपयोगाची नव्हती. बांधाचा विषय निघाला, तेव्हा लोक म्हणाले, "पाणी अडवून करायचं काय? चैत्र बघायला आहे कोण?" अखेर कार्तिकी पौर्णिमेला देवळात जमून काय ते ठरवावे, असे ठरले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी महाराजांचा शिष्य भिकाजीच्या अंगणात आला.

"पाटकरी, मठामागे आम्ही केळीची शंभर रोपं लावली आहेत. चैत्रात पाण्याची पहिली पाळी मठाची लावा. महाराजांना केळी फार आवडतात."

भिकाजी चकित झाला. "चैत्रात? पण पौषातच सारं आटोपणार ना?"

"ते जगाचं," शिष्य गंभीरपणे म्हणाला. "मी केळींचं बोलतो आहे."

शिष्य निघून गेला. ओटीवर तांदूळ निवडत बसलेली भिकाजीची बायको मथुरा सूप खाली ठेवून हसू लागली.

"अहो, एवढंच उद्या देवळात सांगा. गाव पोट धरून हसेल आणि कुदळी घेऊन उठेल."

भिकाजीही हसला. सांगायचे, असे त्याने नक्की केले.

दुसऱ्या दिवशी देऊळ माणसांनी भरले होते. महाराज उच्चासनावर बसले होते. गावच्या वृद्ध मानकऱ्याने विचारले, "भिकाजी, बांधाबद्दल तुला काही सांगायचं आहे का?"

भिकाजी उठला. समोर हात जोडून, डोळे मिटून सारे गाव बसले होते. डोळे उघडे होते ते एकट्या येसूकाकीचे. ती निराधार विधवा होती आणि अकरा पोफळींखेरीज तिला दुसरा आधार नव्हता. ती त्याच्याकडे आशेने पाहत होती. केळींची गोष्ट त्याच्या ओठांवर आली. तेवढ्यात त्याच्या मनात आले, की लोक हसले नाहीत तर? पाटकऱ्याचा देवावर भरवसा नाही, असे ते म्हणतील. मग पहिला दगड ठेवण्याचा मान आपल्याकडे कसा राहील?

"महाराज म्हणतात तसंच," एवढे बोलून तो खाली बसला.

त्या वर्षी बांध घातला गेला नाही.

पौषातली अमावास्या आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीच्या वेळी, नेहमीच्याच डोंगरामागून उगवला. महाराजांनी जाहीर केले, "तुमच्या नामस्मरणाने संकट टळले." गावाने त्यांना पुरणपोळीचे जेवण घातले. कुदळीच्या मालकाने त्याच सकाळी आपली कुदळ मागून नेली.

माघात सारे गाव ओढ्यावर धावले. नेहमीच्या दुप्पट उंचीचा बांध घातला गेला. परंतु पाणी पाटाच्या तोंडाखाली दोन हातांवरच थांबले. फाल्गुनात महाराज दुसऱ्या गावी गेले. तेथे त्यांनी प्रलयाची नवी तिथी सांगितल्याचे कानावर आले. त्यांच्या केळीही वाळल्या. त्यांनी मात्र त्या अन्यत्र नव्याने लावल्या असतील.

वैशाखात पोफळींचे शेंडे माना टाकू लागले. लोकांनी विहिरी उपसून घागरींनी पाणी घातले. पण घागरींनी बागा जगत नाहीत. एका सकाळी येसूकाकी आपल्या अकराव्या पोफळीची गळून पडलेली झावळी ओढत पाटाजवळ आली. भिकाजी कोरड्या पाटाच्या काठावर बसला होता.

"भिकाजी, मथुरा केळींचं काहीतरी सांगत होती. तुला ठाऊक होतं का रे?"

नाही म्हणणे सोपे होते. भिकाजीने मान खाली घातली. "होतं, काकी."

येसूकाकी रागावली नाही. ती झावळीची पाती सारखी करीत उभी राहिली. मग म्हणाली, "मी तुझ्याच तोंडाकडे बघत होते रे त्या दिवशी." आणि झावळी ओढत ती घराकडे निघून गेली.

पुढच्या कार्तिकात भिकाजी कोणाची वाट न पाहता पहाटेच ओढ्यावर गेला. पाठोपाठ साठही घरांतून माणसे आली. पहिला दगड त्यालाच ठेवायला सांगण्यात आला. त्याचा मान कणभरही कमी झाला नव्हता. तो दगड मात्र त्याला उचलवेना; कसाबसा त्याने तो ठेवला. तिसऱ्या दिवशी पाट काठोकाठ भरून वाहू लागला आणि वाळलेल्या पोफळींच्या बुंध्यांना वळसा घालून पाणी पुढे निघून गेले. नवी रोपे लावली गेली, परंतु पोफळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. येसूकाकी तेवढी जगली नाही.

तात्पर्य: जगबुडीची भाकिते खोटी ठरतात आणि विसरली जातात, परंतु त्यांच्या नादाने चुकलेली वेळ परत येत नाही. म्हणून ज्याला खोटे ओळखता आले, त्याने ते वेळेवर बोलून दाखवावे. मानाच्या भीतीने जो गप्प बसतो, तो भोंदूइतकाच दोषी ठरतो.