पांढऱ्या पायांची गोजरा

ज्या काळी बोरणी नदीच्या डोहात बारा महिने मासा टिकत असे, त्या काळची ही गोष्ट आहे. ती सांगायचा मान आमच्या साकरदऱ्यात पाटकऱ्याचा. ज्याच्या हातून पाटाचं पाणी शेताशेतांत जातं, तो पाटकरी. माझा थोरला भाऊ रतन पाटकरी होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पाटाच्या तोंडाशी उभा राहून तोच ही गोष्ट सांगायचा. या माघात तो गेला. नवा पाटकरी अजून ठरलेला नाही, म्हणून मी सांगतो. मला त्याच्यासारखं रंगवून सांगता येत नाही. घाईत पुढचं आधी आलं तर सांभाळून घ्या.

ही गोष्ट ऐकताना आमच्याकडे मान खाली ठेवायची रीत आहे. का, ते कळेलच.

फार वर्षांपूर्वी गावात गोजरा नावाची बाई होती. तिचा नवरा पाटकरी होता. तो पाटातच साप चावून मेला. त्याच्या तेराव्याला पंच विचार करत बसले होते, की आता फावडं कुणाच्या हाती द्यायचं. तेवढ्यात हाक आली, पाट फुटला. पंच उठून धोतर झटकेपर्यंत गोजरा फावडं घेऊन गेली, फुटलेला पाट बांधून परत आली आणि हात धुऊन वाढायला लागली. पंच म्हणाले, मग आता विचार कशाचा करायचा. अशी ती पाटकरीण झाली.

असं म्हणतात, गोजरा पाटाच्या काठाला कान लावायची आणि खाली कुठल्या शेतात उंदराच्या बिळात पाणी मुरतंय ते सांगायची. असं म्हणतात, तिनं फावड्यानं रेघ ओढली की पाणी तिथंच थांबायचं, सासऱ्यापुढे सून थबकावी तसं.

आमच्या नदीवर बंधारा आहे, बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटावर तीन फड आहेत. एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतांचा मिळून एक फड होतो. पाटाच्या तोंडाशी डोईफड, त्याची माती काळी. तिथं पाटलांची शेतं आणि आमची. मधल्या फडाची माती तांबडी. आणि अगदी शेवटी शेपूटफड, त्याची माती चुनखडीची, पांढरीफटक. तिथं झिपरूबाबाची वस्ती होती.

पाणी घ्यायची प्रत्येकाची वेळ ठरलेली असे, तिला बारी म्हणतात. बारी आली की पाटाच्या काठचं मातीचं दारं मोडून पाणी शेतात घ्यायचं. बारी सुरू व्हायची ती शेपटाकडून. आधी शेपूटफड, मग मधला, शेवटी डोईफड. शेपटाचं पाणी सगळ्यांच्या दारावरून जातं, त्यामुळे वाटेतला पाट सगळ्यांसाठीच भिजतो. डोक्यानं आधी प्यायलं तर शेपटाला नुसता ओल्या मातीचा वास येतो.

ज्याला आपली बारी नको असेल, तो बांधावर निंबाची डहाळी खोवायचा. ज्याला ती हवी, त्यानं डहाळी उपटून घरी न्यायची आणि मोबदल्यात ज्वारीची टोपली त्याच्या दारात ठेवायची. टोपली किती भरायची ते नदीची धार पाहून गोजरा सांगायची. धान्य नसेल तर पाटातला गाळ काढून फेडता यायचं. या सौद्यात कुणाचं वाईट झालं नव्हतं. घरात दुखणं आहे, पेरणी हुकली आहे, अशा माणसाची बारी वाया जात नसे आणि त्याच्या चुलीवर भाकरी येत असे.

गोजराला तिच्या कामाचं धान्य नव्हतं. तिला हक्काची एक बारी होती, पाटकऱ्याची बारी. तिचं शेत मधल्या फडात, तांबड्या मातीत, ओढ्याच्या पलीकडे होतं. गावाच्या पारावरून हाक मारली तर तिथं ऐकू जाईल, इतकं जवळ. हे लक्षात ठेवा.

मग दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. डोहातले मासे आधी वर आले, मग उलटे झाले. बंधाऱ्यातून करंगळीएवढी धार उरली. तेव्हा गावकी बसली आणि उखाजी पाटील बोलले.

"गोजरावहिनी, टोपलीचं माप तुम्ही ठरवता. मग ज्याची जास्त द्यायची तयारी आहे त्यानं काय करायचं? घरात ठेवून उंदीर पोसायचे?"

लोक हसले.

गोजरा म्हणाली, "भावजी, आता मोल सोडलं मोकळं, तर घेणारं एकच घर उरेल."

"एकच बरं की. तुम्हालाही दारं एकच मोडावं लागेल. पायांना आराम."

लोक पुन्हा हसले. हसणाऱ्यांत डोईफडाचे सगळे होते. म्हणजे आमचेही.

मोल मोकळं झालं. पाटलांच्या पेवात ज्वारी होती. पाटील एका बारीला दोन टोपल्या देऊ लागले, मग तीन. मधल्या फडाचं कुणी तेवढं देऊ शकेना. शेपूटफडात तर चुली पेटत नव्हत्या. तिथल्या एकेकानं बांधावर डहाळी खोवली. असं म्हणतात, त्या महिन्यात शेपूटफडाच्या बांधावर निंबाचं बन उगवल्यासारखं दिसत होतं.

गोजरा झिपरूबाबाकडे गेली.

"बाबा, सगळ्याच डहाळ्या खोवल्यास. बियाण्यापुरती तरी ज्वारी भिजायला हवी ना?"

"बी पुढल्या वर्षी लागतं, बाई," म्हातारा म्हणाला. "पोरं आज मागतात."

यात चोरी कुणीच केली नव्हती. डहाळी त्यांनी खोवली, टोपली पाटलांनी भरली. आणि विकलेलं पाणी ज्यानं घेतलं त्याला गोजरानं पुरतं दिलं, त्यातलं ओंजळभरही इकडं तिकडं केलं नाही. हे आम्ही आता दर वर्षी मोठ्यानं सांगतो, कारण जेव्हा सांगायचं होतं तेव्हा कुणी सांगितलं नाही.

काही दिवसांनी डोईफडातल्या एकाला दिसलं, की शेपूटफडात सगळं करपलंय, पण मधोमध एक पट्टा हिरवा आहे. गुडघाभर ज्वारी, पोटऱ्यात आलेली, कणीस धरायच्या बेतात. त्यानं येऊन पाटलांना सांगितलं. पाटील म्हणाले, "आम्ही टोपल्या मोजतोय आणि पाणी भलतीकडेच जातंय."

आमच्याकडे पाण्याचा चोर पायांवरून धरायचे. प्रत्येक फडाची माती वेगळी, तेव्हा कुणाच्या पायांना कुठली माती आहे ते पाहिलं की तो कुठं दारं धरून आला ते कळायचं. गोजराला पारावर बोलावलं. ती आली ती तशीच, कामावरून. लुगडं खोचलेलं, खांद्यावर फावडं. तिचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे होते.

शेपूटफडाची एकही बारी शेपटाकडे उरलेली नव्हती. मग तिथं चिखल कसला तुडवला?

"बोला, वहिनी," पाटील म्हणाले.

गोजरा म्हणाली, "माझं शेत पाहून या."

एवढंच म्हणाली. शेत हाकेच्या अंतरावर होतं, मघाशी सांगितलं ते. अख्खा गाव पारावर बसला होता. एकाही माणसानं पायात वहाणा सरकवल्या नाहीत.

पाटील म्हणाले, "शेत कशाला पाहायचं? पाय खोटं बोलत नाहीत."

तिनं झिपरूबाबाकडे पाहिलं. झिपरूबाबाला सगळं ठाऊक होतं. पण तो बोलला असता तर पाटलांचा रोष ओढवला असता आणि पोरांच्या पोटात जाणारी टोपलीही बंद झाली असती. त्यानं मान खाली घातली. असं म्हणतात, ती मान मग मरेपर्यंत वर आली नाही.

तिचं फावडं काढून घेतलं. तिची हक्काची बारी काढून घेतली. पाटील म्हणाले, "पाय धुवा आणि घरी जा."

गोजरा पाटात उतरली. तिनं पाय धुतले. पांढरी माती सुटून पाण्यात मिसळली आणि पाटाचं पाणी दुधासारखं झालं. ती काठावर आली आणि मागं न पाहता नदीच्या दिशेनं चालू लागली. कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर पाटलांच्या माणसांनी डोईफडाचं दारं मोडलं. पांढरं पाणी काळ्या रानात शिरलं. पण असं म्हणतात, की मातीनं ते घेतलंच नाही. अळवाच्या पानावर थेंब पळावेत तसं पाणी ढेकळांवरून पळालं. भेगेवरून गेलं, भेग कोरडी राहिली. त्यांनी बांध घातले, पाणी बांधावरून गेलं. आडवे झोपले, पाणी अंगावरून गेलं आणि कपडेसुद्धा भिजले नाहीत. मधल्या फडातूनही ते तसंच निसटलं आणि थेट शेपटाला जाऊन जिरलं. तिथं मात्र माती भिजली, भांड्यात पीठ मळावं तशी.

माणसं पाण्यामागं पळत खाली आली. हिरव्या पट्ट्याजवळ झिपरूबाबा उभा होता. आता तो बोलला.

"ती पाटकऱ्याची बारी होती. तिची स्वतःची. आमच्या बियाण्यासाठी तिनं इकडं सोडली. तुमचं काही घेतलं नाही तिनं."

"तिच्या शेताला मग काय दिलं?" कुणीतरी विचारलं.

म्हातारा म्हणाला, "पाहून या म्हणाली होती ना."

तेव्हा गाव गोजराच्या शेतात गेला. जायला कितीसा वेळ लागला? हाकेचं अंतर. तांबड्या मातीला पाऊल आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ज्वारीची पानं हातात घेतली की तंबाखूसारखी चुरा होत होती. आणि पाटातून शेतात पाणी घ्यायचं जे दारं, त्याच्या मातीत मुंग्यांनी घर केलं होतं. जुनं, चांगलं उंच. म्हणजे त्या हंगामात ते दारं एकदाही मोडलं नव्हतं.

असं म्हणतात, तिथं कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. उखाजी पाटलांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि नदीकडे पळत सुटले. मागोमाग सगळे. पात्रातल्या काळ्या दगडांवर पांढरी पावलं उमटलेली होती. पाय तर ती धुऊन गेली होती, तरी पांढरीच. पावलं उगमाकडे जात होती. जिथं ती संपली तिथं खडक होता आणि खडकातून झरा वाहत होता. आदल्या दिवशीपर्यंत तिथं झरा नव्हता. गोजरा कुठं नव्हती. लोकांनी हाका मारल्या. झऱ्याचा आवाज ऐकायला जो वाकला त्याला वाटलं, आतून कुणीतरी कान लावून ऐकतंय.

तो झरा अजून आटलेला नाही. नदी आटते, तो आटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे असं करतात. आखाजीला पहिलं पाणी सोडायच्या आधी डोईफडाचे सगळे अनवाणी शेपूटफडात जातात आणि पांढरी माती तुडवून येतात. ज्याच्या पायाला पांढरी माती नाही त्याला त्या वर्षी बारी नाही, मग तो पाटील असो. डहाळीचा सौदा आजही चालतो, पण शेपटानं बियाण्याची बारी विकायची नाही आणि कुणी घ्यायची नाही. तिला गोजराची बारी म्हणतात. आणि कुणावर पाणीचोरीचा आळ घ्यायचा तर आधी त्याचं शेत पाहून यायचं, मग तोंड उघडायचं.

आणखी एक रीत आहे. ती मला ठाऊक नव्हती.

रतनभाऊ गेला त्या सकाळी माणसं आमच्या घरी यायच्या आधी शेतात गेली. मी अंगणात एकटा बसलो होतो. ती बांधावरून येताना दिसली आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "मढं घरात आहे आणि तुम्ही रान पाहत फिरता?"

झिपरूबाबाच्या वंशातली कोंडाआजी पुढं आली. तिच्या पायांना पांढरी माती होती. ती म्हणाली, "पाटकऱ्याचं तोंड पाहायच्या आधी त्याचं शेत पाहायचं असतं, लेकरा. तेव्हा पाहिलं नव्हतं ना आम्ही."

मग म्हणाली, "तू पाहिलंस का?"

मी तसाच अनवाणी गेलो. भाऊच्या शेताच्या दाराशी बसलो. मातीत मुंग्यांचं घर होतं. चांगलं उंच.